वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ होते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. कर्करोग व कुष्ठरोगावरील संशोधनामुळे ते ख्यातनाम झाले. मानवी आनुवंशिकीतील त्यांचे कार्य मात्र तुलनेने अपरिचित राहिले आहे.

लंडन विद्यापीठातून १९२३ साली एम.डी. झाल्यावर त्यांनी मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. पुढे ते टाटा स्मारक रुग्णालयात प्रयोगशाळांचे संचालक झाले. तंबाखू खाण्याच्या सवयीचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध, तसेच कमरेला घट्ट नेसलेल्या धोतरामुळे त्वचेला होणारा कर्करोग यांकडे त्यांनी १९४०च्या दशकात लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते.

एकाच जातीत पिढ्यानुपिढ्या विवाह होत राहिल्यास तिची आनुवंशिक घडण शेजारच्या जातीहून कितपत वेगळी होते, हा प्रश्न त्यांनी ल. दा. संघवी यांच्यासह हाताळला. मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांमधील सात आनुवंशिक लक्षणांचा त्यांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. संघवी, सुकुमारन व व्यास यांनी १९५६ मध्ये पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींमधील दात्रपेशी (सिकलसेल) लक्षणाची नोंद केली.

अशा नोंदींचे महत्त्व गर्भारपणात कळते. आईवडील दोघेही दात्रपेशी विकाराचे किंवा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर स्वतः निरोगी असूनही त्यांच्या प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक कोण हे आधी ठाऊक नसेल, तर गर्भाची तपासणी करण्याचे कारणच लक्षात येत नाही. खानोलकरांचे निधन झाले त्याच वर्षी, १९७८ मध्ये, कान व डोझी यांनी अमेरिकेत गर्भजलातील पेशींच्या डीएनएवरून दात्रपेशी विकाराचे निदान केले. नंतर गर्भवेष्टनाचा सूक्ष्म नमुना घेऊन हे निदान सुमारे अकराव्या आठवड्यातच शक्य झाले. महाराष्ट्राच्या १९८८च्या व केंद्राच्या १९९४च्या कायद्याने गर्भलिंगनिदानावर बंदी आणली, परंतु आनुवंशिक विकारांसाठीची तपासणी अटींसह वैध ठेवली.

१९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.