हायडन : कॅथेड्रलमधला उपाशी गायक

युरोपातील काही शहरांत कॅथेड्रलची दारे संध्याकाळी बंद झाली की पाहुण्यांना आतून निवांतपणे फिरवून दाखवतात, आणि मग वाद्यसंगीताच्या साथीने जेवण असते. व्हिएन्नाचे सेंट स्टीफन कॅथेड्रल पाहून असे जेवायला बसणाऱ्याने जोसेफ हायडन यांची आठवण ठेवावी, असे आम्हांला वाटते. कॅथेड्रल आणि जेवणाचे टेबल, दोन्ही ठिकाणी त्यांनी सेवा केली.

हायडन यांचा जन्म १७३२ साली ऑस्ट्रियातील रोराऊ या खेड्यात झाला. वडील गाड्यांची चाके बनवत. आई लग्नाआधी तिथल्या सरदाराच्या वाड्यात स्वयंपाक करी. सहा वर्षांचा हा मुलगा शिकण्यासाठी नातेवाइकांकडे गेला तो पुन्हा घरी राहायला आलाच नाही. आठव्या वर्षी त्याला सेंट स्टीफनच्या गायनमंडळात घेतले. तिथे वेदीसमोर रोज गाणे होते, पण ताटात पुरेसे अन्न नव्हते. श्रीमंतांच्या घरी गायला गेलेल्या मुलांना काहीबाही खायला मिळे. म्हणून आपल्याला बोलावणे यावे यासाठी जोसेफ जीव ओतून गात असे.

वयात येताना आवाज फुटला आणि त्याला काढून टाकण्यात आले. खिशात पैसा नाही, डोक्यावर छप्पर नाही. माळ्यावरची एक खोली, एक मोडके क्लाव्हियर आणि शिकवण्या यांवर त्याने दिवस काढले.

१७६१ साली ते एस्टरहाझी या उमराव घराण्याच्या चाकरीत गेले. नोकरांचा गणवेश घालायचा, रोज हुकूम विचारायला हजर व्हायचे, मालकाच्या मनोरंजनासाठी वाद्यवृंद वाजवायचा. १७७२ साली मालकाचा मुक्काम लांबला आणि वादकांना बायकामुलांपासून दूर राहावे लागले. तेव्हा हायडन यांनी तक्रारीचा एक शब्दही न काढता एक सिंफनी रचली. तिच्या शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून निघून जातो. मालक समजला आणि वादकांना घरी जायला मिळाले. स्वतः उपाशी राहिलेला माणूस हाताखालच्यांना विसरला नव्हता.

त्यांची श्रद्धा साधी होती. हस्तलिखिताच्या आरंभी ते देवाचे नाव लिहीत, शेवटी देवाची स्तुती. सूर सुचेनासा झाला की हातात रोझरी घेऊन खोलीत येरझारा घालत. अनेक मिस्सा आणि बायबलच्या उत्पत्तीवर आधारलेली ‘द क्रिएशन’ ही संगीतकृती ही त्यांची मोठी देणगी. १८०८ साली ती ऐकायला त्यांना खुर्चीत बसवून आणावे लागले. प्रकाशाच्या निर्मितीचा भाग आला तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी हात वर, आकाशाकडे केला. पुढच्या वर्षी, ३१ मे १८०९ रोजी, व्हिएन्ना नेपोलियनच्या ताब्यात असताना त्यांचे निधन झाले.

आपल्या चर्चमध्येही सणाला आणि लग्नाला गायनमंडळ गाते. मिस्सा संपते, मंडपात पंगती बसतात, गाणी वाजतात. पहाटेपासून गळा तापवणारी पोरे मात्र कधी कधी कोपऱ्यात उभी असतात. गाणे छान झाले, असे आपण सगळेच म्हणतो. पुढच्या सणाला आधी त्यांची पाने वाढू या.