गणितसारसंग्रहकर्ते महावीराचार्य

जैन आचार्यांनी भारतीय गणितास जे दान दिले, त्यात दिगंबर परंपरेतील महावीराचार्य यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग (इ.स. ८१४–८७८) यांच्या राज्यकाळात ते होऊन गेले. सम्राटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. इ.स. ८५० च्या सुमारास आचार्यांनी संस्कृत पद्यांत ‘गणितसारसंग्रह’ रचला. गणित तेव्हा बहुधा ज्योतिषग्रंथांच्या एखाद्या अध्यायात येई. हा ग्रंथ मात्र संपूर्ण गणितासच वाहिलेला आहे. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी तो तेलुगूत नेला.

अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि काढण्याची रीत त्यांनी दिली. ऋण संख्येस वर्गमूळ नसते, हेही सांगितले. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते हे त्यांचे मत पुढे टिकले नाही, पण तेवढ्याने ग्रंथाची थोरवी कमी होत नाही.

मला सर्वांत रमणीय वाटतात त्या त्यांच्या अंकांच्या कंठ्या. १५२२०७ ला ७३ ने गुणले की ११११११११. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१, उजवीकडून वाचा वा डावीकडून. हा गुणाकार अर्ध्या मिनिटाचा. परंतु केवळ १५१५१ हातात देऊन त्याचे अवयव विचारले, तर २, ३, ५ असे करीत १०७ पर्यंतच्या २८ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. २९ वी १०९, तेव्हा भाग जातो. आम्हा कापडवाल्यांस हे लवकर उमगावे. मीटर आणि भाव गुणून बिल करणे सोपे. नुसत्या रकमेवरून मीटर किती व भाव काय, हे कोण सांगणार?

याच अडचणीवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी गुप्तलेखनाचे कुलूप बसविले. त्या वर्षी आव्हान म्हणून दिलेल्या १२९ अंकी संख्येचे दोन मूळ अवयव सापडण्यास १९९४ उजाडले, तेही सुमारे ६०० स्वयंसेवकांचे संगणक राबल्यावर. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. संगणकावरील व्यवहारांच्या अशा कुलपांत आज ६१७ अंकी संख्या सर्रास असतात. आचार्यांना हे कुलूप ठाऊक होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ते कंठी गुंफीत होते, उलगडण्याचा प्रश्न पुढच्यांचा.

१९१२ साली मद्रासहून रंगाचार्यांनी हा ग्रंथ इंग्रजी अनुवादासह छापला. १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध केला. त्याची एक प्रत या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या न्यासाच्या ग्रंथकपाटात यावी, ही विश्वस्त मंडळास नम्र विनंती.