विश्लेषण : ‘ब्लॅक फ्रायडे’च्या आदल्या दिवशी अमेरिकेत सुट्टी का असते? सारा हेल कोण होत्या?

नोव्हेंबरचा शेवट आला की मोबाइलवर ‘ब्लॅक फ्रायडे सेल’ची नोटिफिकेशन्स सुरू होतात. अमेरिकेत या शुक्रवारच्या आदल्या दिवशी ‘थँक्सगिव्हिंग’ असतो. वर्षभरात जे मिळाले त्याबद्दल आभार मानायचे, घरच्यांसोबत जेवायचे, एवढाच हा सण. मात्र जेवणाची भांडी आवरेपर्यंत दुकानांबाहेर रांगा लागलेल्या असतात. हा गुरुवार देशभर एकाच दिवशी पाळला जावा, यासाठी सारा जोसेफा हेल या संपादिकेने तब्बल १७ वर्षे पाठपुरावा केला होता.

पतीच्या निधनानंतर लेखणी हाती

हेल यांचा जन्म १७८८चा, न्यू हॅम्पशायरमधील न्यूपोर्टचा. मुलींना कॉलेजची दारे बंद होती, त्यामुळे भावाच्या पुस्तकांवर त्या शिकल्या. १८२२ मध्ये वकील पतीचे निधन झाले. पदरी पाच मुले होती. घर चालवण्यासाठी त्या लिहू लागल्या. बालवाडीत आजही म्हटले जाणारे मेरी आणि तिच्या कोकराचे इंग्रजी बालगीत १८३० मध्ये त्यांच्याच पुस्तकात आले. त्याआधी, १८२७च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर अख्खे प्रकरण लिहिले होते.

१८३७ पासून ४० वर्षे त्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाच्या संपादिका होत्या. १८६०च्या सुमारास त्याचा खप दीड लाखांवर होता. गंमत अशी, की अंक खपायचा तो हाताने रंगवलेल्या फॅशनच्या चित्रांमुळे. हेल यांना ती फारशी रुचत नसत, पण मालक लुई गोडी यांना ती हवीच असत. लाखो बायकांना नवे कपडे दाखवणाऱ्या मासिकाची संपादिका स्वतः मात्र पतीच्या पश्चात आयुष्यभर काळे कपडेच घालत राहिली. १८५० मध्ये याच मासिकाने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे ख्रिसमस ट्रीसोबतचे चित्र छापले, तेही राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून, अमेरिकी घर वाटावे असे. ख्रिसमस ट्री अमेरिकेत घरोघरी पोहोचण्यात या चित्राचा मोठा वाटा मानला जातो. म्हणजे आजच्या खरेदीच्या हंगामालाही हेल यांच्या मासिकाचा हातभार लागलाच.

लिंकन यांना पत्र

त्या काळी प्रत्येक राज्य आपापल्या सोयीने थँक्सगिव्हिंग ठरवत असे, दक्षिणेत तर अनेक ठिकाणी तो नव्हताच. हेल यांनी अग्रलेख लिहिले, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. एकच दिवस पाळला तर दुभंगू पाहणारा देश जोडला जाईल, असे त्यांना वाटे. ती आशा फोल ठरली. यादवी युद्ध पेटले. २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांनी अब्राहम लिंकन यांना लिहिले आणि आठवडाभरात, ३ ऑक्टोबरला, घोषणा निघाली : नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. त्या घोषणेत युद्धामुळे विधवा आणि अनाथ झालेल्यांची आठवण ठेवण्याचे आवाहन होते. (स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या हेल यांचा स्त्रियांच्या मताधिकाराला मात्र विरोध होता.) १८७९ मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तारीख का बदलली?

१९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि शेवटचा पडला ३० तारखेला. थँक्सगिव्हिंग होईपर्यंत ख्रिसमसच्या मालाची जाहिरात न करण्याचा दुकानदारांचा रिवाज होता. मंदीच्या दिवसांत विक्रीचे दिवस कमी होणार, म्हणून व्यापाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना गळ घातली. त्यांनी सण आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला. गहजब झाला. निम्म्याच्या आसपास राज्यांनी नवी तारीख मानली, बाकीच्यांनी जुनी. कॅलेंडर छापणारे आणि फुटबॉल सामन्यांचे आयोजकही वैतागले. अखेर डिसेंबर १९४१ मध्ये कायदा झाला आणि चौथा गुरुवार पक्का झाला.

‘ब्लॅक फ्रायडे’ हे नाव मात्र दुकानदारांनी दिलेले नाही. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी खरेदीसाठी उसळणाऱ्या गर्दीला आणि वाहतूक कोंडीला कंटाळलेल्या पोलिसांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ते रूढ केले. हे पोलीस होते फिलाडेल्फियाचे. हेल यांचे मासिक याच शहरातून निघायचे आणि त्यांची समाधीही तिथेच आहे.