फुटबॉलला वेळापत्रक देणारा कापड दुकानदार

२ मार्च १८८८ रोजी बर्मिंगहॅममधील एका कापड दुकानदाराने इंग्लंडमधील चार नामांकित फुटबॉल क्लबांना आणि स्वतःच्या क्लबच्या चिटणीसांना एक पत्र धाडले. ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, प्रेस्टन नॉर्थ एंड आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियन हे ते चार क्लब. पत्रातील सूचना साधीच होती. देशातील दहा-बारा प्रमुख क्लबांनी एकत्र यावे, मोसमाआधीच आपापसातील सामन्यांच्या तारखा ठरवून घ्याव्यात आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळावे. आज जगातील बहुतेक देशांच्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा ज्या पायावर उभ्या आहेत, तो पाया या पत्राने घातला. पत्र लिहिणाऱ्याचे नाव होते विल्यम मॅकग्रेगर.

मॅकग्रेगर जन्माने स्कॉटिश. पर्थशायरमधील ब्रॅको या लहानशा गावी १३ एप्रिल १८४६ रोजी त्यांचा जन्म झाला. पर्थ शहरात कापड व्यवसायाचे शिक्षण घेऊन १८७० मध्ये ते बर्मिंगहॅमला आले आणि अ‍ॅस्टन भागात त्यांनी भावासोबत कापडाचे दुकान थाटले. बर्मिंगहॅम तेव्हा कारखान्यांचे शहर म्हणून झपाट्याने वाढत होते. नशीब काढायला आलेल्या स्कॉटिश तरुणांची तेथे कमतरता नव्हती. मॅकग्रेगर धर्मनिष्ठ होते, मद्याला शिवत नसत, राजकारणात उदारमतवादी पक्षाचे पाठीराखे होते. व्यवहाराला चोख आणि बोलण्यात मोकळे अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या दुकानात कापडाबरोबर फुटबॉलच्या गप्पाही रंगत, आणि हळूहळू ते दुकान परिसरातील फुटबॉलशौकिनांचा अड्डाच बनले.

जवळच अ‍ॅस्टन व्हिला नावाचा क्लब होता. १८७४ मध्ये एका मेथडिस्ट चर्चशी संबंधित तरुणांनी तो स्थापन केला होता. जॉर्ज रॅमसे आणि पुढे आर्ची हंटर हे स्कॉटलंडचेच खेळाडू या संघाचा कणा होते. स्कॉटिश खेळाडू चेंडू एकमेकांकडे सोपवत, संघ म्हणून खेळत. त्या खेळाने मॅकग्रेगर यांना या क्लबकडे ओढले आणि १८७७ मध्ये ते क्लबच्या कार्यकारिणीत आले. खेळाडू म्हणून त्यांनी कधी नाव कमावले नाही. त्यांचे मैदान होते कार्यालयाचे टेबल, जमाखर्चाची वही आणि पत्रव्यवहार. व्हिलाच्या बोधचिन्हावरील पंजा उगारलेल्या सिंहाचे श्रेयही परंपरेने त्यांनाच दिले जाते. स्कॉटलंडच्या राजध्वजावरील तो सिंह एका इंग्लिश क्लबच्या छातीवर विराजमान झाला.

मॅकग्रेगर यांच्या पत्रामागची निकड समजून घ्यायची, तर तेव्हाच्या फुटबॉलची अवस्था पाहावी लागते. १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली, ती प्रामुख्याने सुखवस्तू, हौशी खेळाडूंच्या पुढाकाराने. १८७१-७२ च्या मोसमात या संस्थेची चषक स्पर्धा सुरू झाली. पुढे गिरण्या आणि कारखान्यांतील कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळू लागली, तसा हा खेळ उत्तर आणि मध्य इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत रुजला. सामने पाहायला पैसे मोजणारी गर्दी होऊ लागली. गर्दी हवी तर उत्तम खेळाडू हवेत आणि कामगार घरांतून आलेल्या खेळाडूंना मोबदला दिल्याखेरीज ते टिकणार कसे, हा प्रश्न होता. क्लब चोरून पैसे देऊ लागले. १८८४ मध्ये प्रेस्टनचे सर्वेसर्वा विल्यम सडेल यांनी ही गोष्ट उघडपणे कबूल केली आणि त्यांचा संघ चषक स्पर्धेतून बाद ठरवण्यात आला. वाद विकोपाला गेला. अखेर जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली.

वेतन आता उजळ माथ्याने देता येऊ लागले, पण ते द्यायचे कोठून? वेतन दर आठवड्याला द्यावे लागे, मिळकतीची मात्र शाश्वती नव्हती. चषक स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाला उरलेल्या मोसमात मैत्रीपूर्ण सामन्यांवर गुजराण करावी लागे. हे सामने नावाप्रमाणेच केवळ मैत्रीवर चालत. चषकाचा सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळवायची वेळ आली, की आधी ठरलेला मैत्रीपूर्ण सामना रद्द होई. कधी पाहुणा संघ उशिरा येई, कधी दुय्यम खेळाडू घेऊन येई. आठवडाभर राबून शनिवारी खिशातले चार पेन्स खर्च करणारा कामगार मैदानाच्या दारातून परत फिरला, की पुढच्या खेपेला येण्यापूर्वी दोनदा विचार करी. चषक जिंकणारे क्लबही या त्रासातून सुटले नव्हते. १८८७ मध्ये वेस्ट ब्रॉमविचला २-० असे हरवून व्हिलाने चषक पटकावला, तरी पुढच्या मोसमातील शनिवारांची चिंता कायमच होती.

दुकानदार असलेल्या मॅकग्रेगर यांना या दुखण्याचे मूळ नेमके कळले. दुकान उघडण्याची वेळ पाळली नाही, दाखवला तो माल दिला नाही, तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. फुटबॉलमध्ये उणीव होती ती अशा विश्वासाची. इंग्लंडमध्ये क्रिकेटचे परगण्यांचे संघ एकमेकांच्या मैदानावर जाऊन सामने खेळत. फुटबॉललाही तशी शिस्त लावता येईल, असे त्यांना वाटले.

२३ मार्च १८८८ रोजी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील अँडरटन्स हॉटेलमध्ये पहिली बैठक झाली. दुसऱ्या दिवशी चषकाचा अंतिम सामना असल्याने प्रमुख क्लबांची मंडळी लंडनमध्ये येणारच होती. दक्षिणेतला मात्र एकही क्लब या बैठकीला आला नाही. तेथे अजून हौशी खेळाचाच पगडा होता. १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलमध्ये दुसरी बैठक झाली आणि तेथे संघटनेवर शिक्कामोर्तब झाले. नावावरून थोडी चर्चा रंगली. लीग हा शब्द मॅकग्रेगर यांना पसंत नव्हता. आयर्लंडमधील जमीन चळवळीच्या लँड लीगमुळे त्या शब्दाला राजकारणाचा वास येतो, असे त्यांना वाटे. त्यांनी सुचवलेले नाव मात्र रग्बीच्या संघटनेच्या नावाच्या फार जवळ जाणारे निघाले. शेवटी सडेल यांनी सुचवलेले फुटबॉल लीग हेच नाव मंजूर झाले. ज्या शब्दाला मॅकग्रेगर यांचा आक्षेप होता, त्याच शब्दाचे जनक म्हणून पुढे ते ओळखले गेले.

सामन्यांसाठी मोकळे शनिवार हाती होते केवळ २२. त्यामुळे १२ संघांपेक्षा अधिकांना जागा देणे शक्य नव्हते आणि काही इच्छुक क्लबांना नकार द्यावा लागला. निवडलेल्या क्लबांपैकी अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन हे सहा लँकेशायरचे. अ‍ॅस्टन व्हिला, डर्बी काउंटी, नॉट्स काउंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच आणि वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हे सहा मध्य इंग्लंडचे. ठरलेल्या दिवशी प्रत्येक क्लबने आपला सर्वांत बलवान संघच उतरवला पाहिजे, असा नियम झाला. क्लबांनी एकमेकांना आणि प्रेक्षकांना दिलेले हे वचनच होते. मॅकग्रेगर लीगचे पहिले अध्यक्ष झाले.

८ सप्टेंबर १८८८ रोजी लीगचे पहिले सामने झाले. व्हिलाने वुल्व्हरहॅम्प्टनशी १-१ अशी बरोबरी साधली. त्या सामन्यात व्हिलाच्या गेर्शम कॉक्सने चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारलेला गोल हा लीगच्या इतिहासातील पहिला गोल, असे दीर्घकाळ मानले जाई. नंतरच्या संशोधनाने तो मान बोल्टनच्या केनी डेव्हनपोर्टला दिला. गंमत अशी, की सामने सुरू झाले तरी क्रमवारी कशी लावायची हे ठरलेले नव्हते. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण, ही पद्धत नोव्हेंबरमध्ये मुक्रर झाली. त्या पहिल्या मोसमात प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि एकही न गमावता विजेतेपद मिळवले. त्याच मोसमात त्यांनी चषकही जिंकला. मॅकग्रेगर यांचा व्हिला ११ गुणांनी मागे राहून दुसरा आला.

यश डोळ्यांत भरणारे होते. १८९० मध्ये स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये अशाच लीग सुरू झाल्या. १८९२ मध्ये फुटबॉल अलायन्स या प्रतिस्पर्धी संघटनेतील बहुतेक क्लबांना सामावून घेत इंग्लिश लीगने दुसरी श्रेणी सुरू केली. वुलिच आर्सेनलच्या रूपाने दक्षिणेतला पहिला क्लब १८९३ मध्ये आत आला. खुद्द व्हिलाने १८९४ ते १९०० या काळात पाच वेळा विजेतेपद पटकावले. त्यात १८९७ साली लीग आणि चषक असा दुहेरी मुकुट होता.

या शिस्तीची किंमतही कोणाला तरी मोजावी लागत होती. संस्थापक बारांपैकी अ‍ॅक्रिंग्टनची १८९३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. तेथे खेळण्याऐवजी त्या क्लबने लीग सोडली आणि १८९६ मध्ये तो बंदच पडला. खेळाडूंना नियमित वेतन मिळू लागले, पण क्लबच्या संमतीवाचून दुसरीकडे जाण्याची मुभा राहिली नाही. १९०१ पासून आठवड्याला चार पौंडांची कमाल वेतनमर्यादा लागू झाली. वेतनमर्यादेची ही प्रथा, रक्कम वाढत गेली तरी, १९६१ पर्यंत टिकली. तारखांची हमी मिळाली होती ती क्लबांना. मैदानात घाम गाळणाऱ्यांचे हक्क त्या करारात नव्हते.

मॅकग्रेगर यांना लीगच्या या स्वभावाची जाण होती, हे विशेष. आपण जन्माला घातलेली संस्था मूलतः स्वार्थी आहे, कारण ती सभासद क्लबांच्या हितासाठीच आहे, असे त्यांचे स्पष्ट मत होते. म्हणूनच खेळाचे कायदे करण्याचा अधिकार लीगने कधीही मागू नये, तो सर्वांच्या फुटबॉल असोसिएशनकडेच राहावा, यावर ते ठाम राहिले. आपल्याच अपत्याच्या मर्यादा इतक्या निःसंकोचपणे सांगणारे संस्थापक विरळाच. १८९२ मध्ये त्यांनी लीगचे अध्यक्षपद सोडले. १८९५ मध्ये लीगने त्यांना तहहयात सभासदत्व दिले. लीगच्या जिवावर त्यांनी इमले बांधले नाहीत. शेवटपर्यंत त्यांची ओळख बर्मिंगहॅमचा दुकानदार आणि व्हिलाचा माणूस हीच राहिली. २० डिसेंबर १९११ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले.

त्यांनी ओळखलेला स्वार्थ पुढे वारंवार डोके वर काढत राहिला. १९९२ मध्ये अव्वल २२ क्लबांनी जुन्या लीगपासून फारकत घेऊन प्रीमियर लीग स्थापन केली. दूरचित्रवाणीच्या पैशाचा मोठा वाटा आपल्याकडे राहावा, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. १८८८ च्या बारांपैकी केवळ व्हिला, ब्लॅकबर्न आणि एव्हर्टन हे तीनच क्लब या नव्या घरोब्यातही संस्थापक होते. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लबांनी युरोपातील धनाढ्य क्लबांच्या सुपर लीगमध्ये शिरण्याची घोषणा केली. संस्थापकांना खालच्या श्रेणीत जाण्याची भीतीच नसेल, अशी तिची रचना होती. प्रेक्षकांच्या संतापापुढे हे सहाही क्लब अवघ्या तीन दिवसांत मागे फिरले.

मॅकग्रेगर यांची पत्रे गेली त्याच १८८८ साली सिमल्यात ड्युरंड स्पर्धा सुरू झाली, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक आला. आपल्याकडे मात्र राष्ट्रीय पातळीवर फुटबॉल शतकभर मुख्यतः बाद पद्धतीच्या चषकांभोवतीच फिरत राहिला. राष्ट्रीय लीग उगवली ती १९९६ मध्ये. पुढे २००७ मध्ये आय-लीग आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातील कराराचा प्रश्न न सुटल्याने सुपर लीगचा नवा मोसम लांबणीवर पडला. मुंबई आणि गोव्याच्या क्लबांसह सारेच तारखांची वाट पाहत राहिले, काही क्लबांनी तर खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतनही थांबवले. सामना कधी हे ठाऊक नसेल, तर क्लब वेतन कोठून देणार, हा बर्मिंगहॅमच्या दुकानदाराला पडलेला प्रश्न तेव्हा जसाच्या तसा पुन्हा समोर आला.

नोव्हेंबर २००९ मध्ये व्हिला पार्क मैदानाबाहेर मॅकग्रेगर यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांच्या नावावर ना एखादा अविस्मरणीय गोल आहे, ना एखादा विक्रम. अमुक शनिवारी, अमुक मैदानावर, अमुक दोन संघ पूर्ण ताकदीनिशी उतरतील, एवढाच भरवसा त्यांनी खेळाला मिळवून दिला. मोसम उघडण्यापूर्वी सामन्यांची यादी हाती येताच आपल्या संघाच्या तारखांवर खुणा करणारा जगभरचा प्रेक्षक आजही त्याच भरवशावर तिकीट काढतो.