डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

कर्करोग हे नाव ऐकले तरी मनात धडकी भरते. शंभर वर्षांपूर्वी या रोगावर शस्त्रक्रिया आणि किरणांचा उपचार हे दोनच मुख्य इलाज होते. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना त्यांचाही फारसा उपयोग होत नसे. अशी मुले थोड्याच दिवसांत दगावत. आज त्यांपैकी पुष्कळ मुले बरी होतात आणि पुन्हा शाळेत जातात. हा बदल ज्या औषधांमुळे सुरू झाला, त्यांच्या संशोधनाचे प्रमुख एक भारतीय शास्त्रज्ञ होते. त्यांचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्र प्रदेशातील भीमवरम या गावी झाला. त्या वेळी हा भाग मद्रास इलाख्यात होता. घरची स्थिती बेताची होती. वडील आजारपणामुळे नोकरी करू शकत नव्हते. लहानपणी सुब्बारावचे मन अभ्यासात रमत नसे. एकदा तो घरातून पळाला. काशीला जावे, यात्रेकरूंना केळी विकावीत आणि खूप पैसे मिळवावेत, असा त्याचा बेत होता. आईने त्याला शोधून परत आणले आणि पुन्हा शाळेत बसवले. मॅट्रिकच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. आईने धीर सोडला नाही. तिसऱ्या वेळी तो पास झाला.

पुढे सुब्बाराव मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तो स्वातंत्र्य चळवळीचा काळ होता. परदेशी कापडावर बहिष्कार घालण्याचे गांधीजींचे आवाहन त्यांना पटले. शस्त्रक्रियेच्या वेळी घालायचा अंगरखाही ते खादीचा वापरू लागले. त्यांचे इंग्रज प्राध्यापक यामुळे नाराज झाले. लेखी परीक्षा चांगली देऊनही सुब्बाराव यांना एम.बी.बी.एस. ही पदवी मिळाली नाही. तिच्याऐवजी एल.एम.एस. ही कमी दर्जाची पदवी मिळाली. तरी त्यांनी खादी सोडली नाही.

याच सुमारास त्यांच्या घरावर मोठे संकट कोसळले. त्यांच्या दोन भावांना संग्रहणी झाली. या रोगात खाल्लेले अन्न पचत नाही, सारखे जुलाब होतात, अंगातील रक्त कमी होते आणि माणूस झिजत जातो. थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन्ही भाऊ दगावले. पुढे सुब्बाराव यांनाही हाच रोग जडला. एका आयुर्वेदिक वैद्यांच्या उपचाराने ते वाचले. आपल्या डोळ्यांदेखत भाऊ गेले आणि डॉक्टर असूनही आपण काही करू शकलो नाही, हे दुःख त्यांच्या मनात कायमचे राहिले. रोगांवर औषधे शोधायची, हा त्यांचा निश्चय पक्का झाला.

१९२२ मध्ये सुब्बाराव अमेरिकेत बोस्टन शहरी गेले आणि हार्वर्ड विद्यापीठात शिकू लागले. खिशात पैसे थोडेच होते. पोटासाठी त्यांनी एका रुग्णालयात रात्रीची हमाली धरली. तेथे रुग्णांची भांडी साफ करण्याचे कामही ते करीत. डॉक्टर असूनही या कामाची त्यांना लाज वाटली नाही. दिवसा ते प्रयोगशाळेत काम करीत. सायरस फिस्के या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची सोपी पद्धत शोधली. ती १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाऊ लागली. आपल्या स्नायूंना शक्ती कोठून मिळते, या प्रश्नावरही त्या दोघांनी महत्त्वाचे संशोधन केले.

एवढे काम करूनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. लवकरच ते तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक शास्त्रज्ञ एकजुटीने काम करू लागले. १९४५ मध्ये या गटाने फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले. नवे रक्त तयार होण्यासाठी ते लागते. ते संग्रहणीच्या रुग्णांना उपयोगी पडले. ज्या रोगाने भाऊ नेले, त्या रोगावर सुब्बाराव यांच्या हातून असा उपाय मिळाला.

पण काम एवढ्यावर थांबले नाही. शरीरात नव्या पेशी तयार होण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. कर्करोगाच्या पेशी तर फार वेगाने वाढतात. मग फॉलिक आम्लासारखा दिसणारा, पण त्याचे काम रोखणारा पदार्थ या पेशींना दिला तर? सुब्बाराव यांच्या गटाने असे पदार्थ तयार केले. त्यांतील अमिनोप्टेरिन हा पदार्थ बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिला. त्यांपैकी १० मुलांची प्रकृती काही काळ सुधारली. जून १९४८ मध्ये ही बातमी प्रसिद्ध झाली. मुले पूर्ण बरी झाली नव्हती. पण औषधाने हा रोग मागे हटू शकतो, हे प्रथमच दिसले. या पदार्थाचाच भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. आज मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ते वापरले जाते.

अशा औषधांनी कर्करोगावर इलाज करण्याला केमोथेरपी म्हणतात. तिची एक मोठी अडचण होती. ही औषधे केवळ कर्करोगाच्या पेशींवरच हल्ला करीत नाहीत. तोंडातील, आतड्यांतील आणि केसांच्या मुळांतील पेशीही भराभर वाढतात. त्यांनाही इजा होते. तोंड येते, केस गळतात. शिवाय मळमळते आणि उलट्या होतात. पुढे सिसप्लॅटिनसारखी औषधे आली, तेव्हा उलट्यांचा त्रास इतका वाढला की काही रुग्ण उपचार अर्धवट सोडू लागले. रोग बरा करणारे औषध हाती होते, पण ते सोसवत नव्हते.

शास्त्रज्ञांनी या त्रासाचे कारण शोधले. केमोथेरपीमुळे आतड्यांतील काही पेशींतून सेरोटोनिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. ते मज्जातंतूंना चेतवते. मग मेंदूला संदेश जातो आणि उलटी होते. हा संदेश वाटेतच अडवणारे ओंडान्सेट्रॉन हे औषध १९९१ मध्ये अमेरिकेत वापरात आले. केमोथेरपी सुरू होण्याआधीच डॉक्टर असे औषध देतात. गरज असल्यास त्याच्या जोडीला इतर औषधेही देतात. त्यामुळे आज पुष्कळ रुग्णांचा त्रास कमी होतो आणि ते उपचार पूर्ण करू शकतात.

हे दिवस पाहायला सुब्बाराव राहिले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी झोपेतच हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. ते भारतात परत येऊ शकले नाहीत. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्वही घेतले नाही. त्यांची पत्नी शेषगिरी भारतातच होत्या. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. हत्तीरोगावरचे औषधही त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाले. विदर्भातील काही जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या मोहिमेत त्याच्या गोळ्या घरोघरी दिल्या गेल्या. घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सुब्बाराव यांचे नाव ठाऊक असेल. ते स्वतः प्रसिद्धीपासून दूर राहत. १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मॅट्रिकला दोनदा नापास झालेल्या या मुलाने जगाला मोठी देणगी दिली. एका माणसाने सुरू केलेले काम दुसऱ्याने पुढे न्यावे आणि रुग्णाचे दुःख थोडे थोडे कमी होत जावे, हीच विज्ञानाची वाटचाल आहे.