थॉमस ड्युई

थॉमस एडमंड ड्युई (२४ मार्च, १९०२ - १६ मार्च, १९७१) हे अमेरिकन वकील व राजकारणी होते. न्यूयॉर्क शहरातील संघटित गुन्हेगारीविरुद्ध सरकारी वकील म्हणून चालवलेल्या खटल्यांमुळे ते प्रसिद्धीस आले. पुढे ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले आणि १९५५ पासून अखेरपर्यंत त्यांनी खासगी वकिली केली.

प्रारंभिक जीवन

ड्युई यांचा जन्म मिशिगन राज्यातील ओवोसो या गावी झाला. त्यांचे वडील वृत्तपत्राचे प्रकाशक होते. मिशिगन विद्यापीठातून १९२३ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी १९२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. तरुणपणी त्यांनी गायनाचेही शिक्षण घेतले होते.

सरकारी वकील

१९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या दक्षिण विभागाचे संघीय सरकारी वकील जॉर्ज मेडली यांनी ड्युई यांना आपले मुख्य सहायक नेमले. १९३३ च्या अखेरीस बेकायदा दारूचा व्यापारी वॅक्सी गॉर्डन याला करचुकवेगिरीबद्दल शिक्षा झाली. तो खटला ड्युई यांनीच चालवला होता. त्यानंतर ते काही काळ खासगी वकिलीकडे वळले.

१९३५ मध्ये गव्हर्नर हर्बर्ट लेहमन यांनी त्यांना विशेष सरकारी वकील म्हणून परत बोलावले. टोळीप्रमुख डच शुल्ट्झ याने ड्युई यांच्या हत्येचा बेत आखला होता, असे सांगितले जाते. मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नेवार्क येथे त्याच्यावरच गोळ्या झाडण्यात आल्या.

शहरातील अनेक कुंटणखान्यांतील स्त्रियांसाठी तेच वकील व तेच जामीनदार उभे राहतात, ही बाब ड्युई यांच्या सहकारी युनिस कार्टर यांनी हेरली. या सूत्रावरून तपास लकी लुचियानोपर्यंत पोहोचला. परस्परसंबंधित अनेक गुन्हे एकाच खटल्यात चालवण्याची मुभा देणारा नवा राज्य कायदाही फिर्यादी पक्षाच्या उपयोगी पडला. जून १९३६ मध्ये लुचियानो दोषी ठरला व त्याला ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली. काही साक्षीदारांनी नंतर साक्ष फिरवली; परंतु अपिलात शिक्षा कायम राहिली.

१९३७ मध्ये ड्युई न्यूयॉर्क काउंटीचे जिल्हा सरकारी वकील म्हणून निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत न्यूयॉर्क शेअर बाजाराचे माजी अध्यक्ष रिचर्ड व्हिटनी यांना अपहाराबद्दल तुरुंगवास झाला. टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचे नेते जिमी हाइन्स यांच्यावरील पहिला खटला मात्र ड्युई यांनी साक्षीदाराला विचारलेल्या एका अनुचित प्रश्नामुळे रद्द झाला. दुसऱ्या खटल्यात, १९३९ मध्ये, हाइन्स दोषी ठरले.

गव्हर्नरपद आणि लुचियानो प्रकरण

ड्युई १९४३ ते १९५४ या काळात गव्हर्नर होते. १९४४ व १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांत ते रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते व दोन्ही वेळा पराभूत झाले. १९४८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनने त्यांच्या विजयाचे चुकीचे वृत्त छापले होते.

जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी लुचियानोची शिक्षा कमी केली आणि त्याला इटलीला पाठवण्यात आले. ज्याला आपण तुरुंगात धाडले त्यालाच मुक्त केल्याबद्दल ड्युई यांच्यावर टीका झाली. महायुद्धात बंदरांच्या सुरक्षेसाठी नौदलाने लुचियानोची मदत घेतली होती, असे ड्युई यांनीच नेमलेल्या १९५४ च्या चौकशीत आढळले. परंतु नौदलाच्या विनंतीवरून हा अहवाल गुप्त राहिला. त्याचा तपशील १९७७ मध्ये, ड्युई यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यामुळे हयातीत त्यांना आपल्या निर्णयाचा हा पुरावा जनतेपुढे ठेवता आला नाही.

खासगी वकिली आणि मृत्यू

गव्हर्नरपदावरून निवृत्त झाल्यावर ड्युई न्यूयॉर्कमधील एका जुन्या वकिली संस्थेत दाखल झाले. ही संस्था पुढे ड्युई बॅलंटाइन या नावाने ओळखली जाऊ लागली. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील थ्रूवे या महामार्गाला त्यांचे नाव देण्यात आले. १९७१ मध्ये फ्लोरिडातील बाल हार्बर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या वकिली संस्थेचे २००७ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीनीकरण झाले आणि २०१२ मध्ये ही एकत्रित संस्था दिवाळखोरीत निघाली.