बोटांना अक्षर देणारा लुई ब्रेल

जानेवारीचा पहिला आठवडा आमच्यासाठी अभिवादनाचा आठवडा असतो. १ जानेवारीला देहूरोड, तळेगाव, लोणावळ्याहून माणसे भीमा कोरेगावला जातात. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती असते. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जानेवारीला, आणखी एका शिक्षकाचा जन्मदिवस येतो, पण तो आपल्याकडे फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. या शिक्षकाचे नाव लुई ब्रेल. २०१९ पासून संयुक्त राष्ट्रसंघ हा दिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळतो. आमच्या मावळाला हा विषय परका नाही. खंडाळ्याला नॅबचे वृद्ध अंधांसाठीचे निवासगृह आहे. म्हणून यंदा आम्ही या माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहोत.

लुईचा जन्म १८०९ साली पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या कुपव्रे या खेड्यात झाला. बाप घोड्यांचे खोगीर आणि लगाम बनवायचा. घर चामड्याच्या कामावर चालायचे. तीन वर्षांचा लुई बापाच्या कामाच्या जागी खेळत असताना चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यातही संसर्ग गेला आणि पाच वर्षांचा होईतो पोर पूर्ण आंधळे झाले.

त्या काळी अंध माणसाच्या वाट्याला बहुधा भीक यायची. पण त्याच्या आईबापांनी त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. गावच्या शाळेत तो डोळस मुलांबरोबर बसला आणि ऐकून ऐकून शिकला. १८१९ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत जागा मिळाली. व्हॅलेंटिन हॉई या डोळस गृहस्थाने १७८५ साली ही शाळा काढली होती. हॉईंचा हेतू उदात्त होता. जाड कागदावर नेहमीचीच रोमन अक्षरे उठावदार छापून त्यांनी पुस्तके तयार केली. मुले एकेक अक्षर चाचपत वाचायची. पुस्तके अवजड होती आणि वाचन अतिशय संथ चालायचे. मुख्य म्हणजे या पद्धतीने मुलांना स्वतः सहज लिहिता येत नव्हते. दुसऱ्याने छापलेले वाचायचे, पण आपले मनातले कागदावर उतरवायचे नाही, असे ते शिक्षण होते.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिये नावाच्या लष्करातील माजी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. अंधारात स्पर्शाने वाचता येईल अशी ती होती. पण एका खुणेत बारा ठिपक्यांपर्यंतची जागा लागायची, ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. शिवाय ती उच्चारांची लिपी होती. तिच्यात शुद्धलेखन नव्हते की विरामचिन्हे नव्हती. जणू अंधांना तेवढ्याची गरजच नव्हती!

लुईने ही लिपी घेतली आणि तीन वर्षे तिच्याशी झुंजला. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची स्वतःची लिपी तयार झाली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन असे फक्त सहा ठिपके. एका बोटाच्या टोकाखाली अख्खे अक्षर येते. सहा ठिपक्यांच्या उलटसुलट जुळणीतून ६३ खुणा होतात. त्यात अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि संगीताची सुरावटही लिहिता येते. एक पाटी आणि एक टोकदार लेखणी एवढेच साहित्य. ज्या जातीच्या हत्याराने डोळे नेले, त्याच जातीच्या टोकाने त्याने कागदावर अक्षरे उठवली.

पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला आणि पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. १८२९ साली त्याने आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १८३७ साली त्याची सुधारित आवृत्ती काढली. याच १८३७ च्या सुमारास मावळाशी नाते असलेली एक घटना कलकत्त्यात घडत होती. जेम्स प्रिन्सेप सम्राट अशोकाच्या ब्राह्मी लिपीचा उलगडा करत होता. आपल्या कार्ल्याच्या लेण्यांवर धेनुकाकटच्या सुताराचे, गंधविक्याचे दान कोरलेले आहे. पण शेकडो वर्षे ते कुणाला वाचता येत नव्हते, कारण लिपीची किल्लीच हरवली होती. अक्षर समोर असून भागत नाही, त्याची किल्ली माणसांच्या हाती असावी लागते. लुईने ती किल्ली अंधांच्या हाती दिली.

मग व्यवस्थेने त्याचे स्वागत केले का? अजिबात नाही. १८४० साली द्युफो हे नवे संचालक आले आणि त्यांनी शाळेत या लिपीवर बंदी घातली. डोळसांना ती वाचता येत नाही, त्यामुळे अंध समाजापासून तुटतील, असा आक्षेप होता. म्हणजे लिपी अंधांची आणि ती चांगली की वाईट हे ठरवणार कोण, तर डोळस शिक्षक! पण मुलांनी ती सोडली नाही. चोरून लिहिली, एकमेकांना शिकवली. अखेर द्युफोंचे सहायक गादे यांनाच तिचे महत्त्व पटले आणि १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

लुईने डोळसांच्या आक्षेपालाही कृतीने उत्तर दिले होते. १८३९ साली त्याने ठिपक्यांतून रोमन अक्षरांचा आकार उठवण्याची रीत काढली. आपला अंध मित्र फुको याने तिच्यासाठी यंत्र बनवले. त्यावर अंध माणूस स्वतः पत्र लिहायचा आणि घरची डोळस माणसे ते वाचायची. मधे लेखनिक नको आणि मनातली गोष्ट तिसऱ्याला सांगायला नको. आज ज्याला सुलभ तंत्रज्ञान म्हणतात, ते हेच.

क्षयाने पोखरलेला लुई ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी गेला. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृत केली १८५४ साली! १९५२ साली त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेले, हात तेवढे कुपव्रेला ठेवले. त्याच वर्षी मुंबईत नॅबची स्थापना झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९५१ साली, भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धत ठरली होती. मराठी मूलही आज त्याच सहा ठिपक्यांत क, ख, ग गिरवते.

हे चरित्र आज सांगण्याचे कारण काय? कारण द्युफो अजून गेलेले नाहीत. पूर्वी यंत्राला बटणे असायची, बोटाने मोजून दाबता यायची. आता शेगडी, धुलाईयंत्र, तिकिटाचे यंत्र, बँकेतले यंत्र या सगळ्यांवर गुळगुळीत काच आली. डोळसाला ती छान दिसते, अंधाच्या बोटाला तिथे काहीच लागत नाही. मग तो आपले कार्ड आणि गुप्त आकडा दुसऱ्याच्या हाती देतो. याला काय मदत म्हणायचे?

काच ही अडचण नाही, नियत ही अडचण आहे. त्याच काचेचे मोबाईल आज बोलतात आणि त्यांवर सहा बोटांनी ब्रेल लिहिता येते, कारण बनवणाऱ्यांनी तसा विचार केला. मतदान यंत्रावर उमेदवाराच्या बटणाशेजारी ब्रेल आकडा असतो, म्हणून अंध मतदार आपले मत स्वतः आणि गुप्तपणे देऊ शकतो. बाबासाहेबांच्या संविधानाने दिलेल्या मताचे मोल तेव्हाच खरे होते. १ जुलै २०१४ पासून बसवायची नवी एटीएम बोलणारी आणि ब्रेल कळफलकाची असावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ॲसिडहल्ल्यातील पीडित आणि अंध याचिकाकर्त्यांच्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सोयी मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

हे सारे कागदावरून यंत्रावर कधी उतरणार? आमची मागणी साधी आहे. लोणावळा नगर परिषदेने, मावळातल्या ग्रामपंचायतींनी, बँकांनी आणि रेल्वेने लोकांसाठी नवे यंत्र घेण्याआधी ते अंध माणसाच्या हाती द्यावे. त्याने कुणालाही न विचारता काम केले, तरच पैसे मोजावेत. तपासायला माणसे शोधत लांब जायला नको, ती खंडाळ्यालाच आहेत. त्यांच्याबद्दल निर्णय त्यांना वगळून घेऊ नका, एवढेच लुई ब्रेलचे आयुष्य सांगते. या शिक्षकाला विनम्र अभिवादन!